तनख्याची फौज

वाशिमहून हिंगोलीकडे निघालेली मोटार पैनगंगेचा पूल ओलांडून कन्हेरगाव नाक्याशी येते, तेव्हा आपण मागे टाकली ती नुसती दोन जिल्ह्यांची शीव नव्हे, तर जवळजवळ शंभर वर्षे अलीकडचे वऱ्हाड आणि पलीकडची मोगलाई यांना विभागणारी सरहद्द होती, हे उतारूंपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येत असेल. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. माणसे तीच, बोली तीच, जवारीची कणसे तीच, सोयरीक तीच; तरी कचेरी निराळी, दफ्तर निराळे, जमाबंदीचा शिरस्ता निराळा. ही रेषा कोणत्या रणांगणावर आखली गेली, असे विचारल्यास त्याचे उत्तर असे आहे, की ती रणांगणावर आखली गेलीच नाही. एका फौजेचा पगार वेळेवर भागेना, म्हणून ती आखली गेली. त्या फौजेचे नाव हैदराबाद कंटिंजंट, आणि तिचे आपल्याला सर्वांत जवळचे ठाणे हिंगोली.

हिंगोलीत ती फौज आज नाही. परंतु तिचा मुक्काम गावाने आपल्या पोटात तसाच जतन करून ठेवला आहे. घोडदळ जेथे राहत होते तो रिसाला, पायदळाची ती पलटन, तोफा होत्या तो तोफखाना, लष्कराला वाणसामान पुरवी तो सदर बाजार, आणि नोकरी सरल्यावर मुलुखी परत न जाता शिपाई जेथे स्थायिक झाले तो पेन्शनपुरा. कोणत्याही शिलालेखापेक्षा मला ही मोहल्ल्यांची नावे अधिक बोलकी वाटतात, कारण त्यांच्यात शिपायाचे सबंध आयुष्य, भरतीपासून निवृत्तीपर्यंत, पायी चालत तासाभरात पाहता येते.

या फौजेचा उगम तसा साधा आहे. १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथे शिंदे-भोसल्यांचा पाडाव झाला, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड नागपूरकरांच्या हातून निजामाकडे गेले, आणि १८०० च्या तहान्वये युद्धकाळी इंग्रजांच्या मदतीस द्यावयाची जी फौज निजामाने कबूल केली होती, ती कवायती असावी असा आग्रह निजामाच्या दरबारातील इंग्रज वकिलाने, म्हणजे रेसिडेंटाने, धरला. १८१३ साली हेन्री रसेल या रेसिडेंटाने हैदराबादेत दोन पलटणी उभ्या केल्या. त्यांना रसेल ब्रिगेड म्हणत. एलिचपूरच्या नबाब सलाबतखानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले पायदळही कालांतराने याच फौजेत सामावले गेले, म्हणजे तिच्या दोन मुळांपैकी एक मूळ थेट वऱ्हाडच्या मातीतले होते. सरदार इंग्रज, शिपाई हिंदी, हुकूम रेसिडेंटाचा आणि खर्च निजामाचा, अशी ती चमत्कारिक व्यवस्था होती. ज्याने तनखा द्यावयाचा त्याला फौजेवर हुकूम चालवता येत नव्हता, आणि ज्याचा हुकूम चाले त्याला तनख्याची चिंता नव्हती. पुढचा सगळा अनर्थ या एका वाक्यात साठवलेला आहे.

पण अनर्थाकडे वळण्यापूर्वी या माणसांचे रोजचे जिणे पाहिले पाहिजे, कारण इतिहासाची पुस्तके तह आणि लढाया यांची नोंद ठेवतात आणि चंदीच्या पिशवीची ठेवीत नाहीत. कंटिंजंटचा रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. ही पद्धत आपल्याकडे परकी नव्हे. शिवकालापासून मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर हा भेद रूढ होता, आणि इंग्रजांनी तोच शिरस्ता आपल्या कवायतीत बसवून घेतला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचे खोगीर, स्वतःची तलवार व भाला आणि स्वतःचा पोशाख घेऊन चाकरीस येणारा स्वार; सरकारने त्याला दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, आणि त्या रकमेतच त्याने आपले पोट, घोड्याची चंदी, नालबंदी, मोडलेल्या सामानाची डागडुजी हे सर्व भागवावे. फौजेतील ही जागा म्हणजे ‘असामी’. असामी ही एक प्रकारची मालमत्ताच होती: ती विकत घेता येई, विकता येई, आणि ज्या सधन शिलेदाराच्या पदरी अनेक असाम्या असत, तो त्या जागांवर आपल्या घोड्यांनिशी बारगीर नेमून त्यांच्या तनख्यातून आपला हिस्सा ठेवी. त्यामुळे रिसाल्यात भरती होणारा तरुण म्हणजे निव्वळ पोटार्थी नव्हे, तर घरची जमीन किंवा दागिना गहाण टाकून जिवावरचे भांडवल उभे करणारा एक लहानसा धनी असे. त्याच्या चालीतला ताठा तेथूनच येत असे, असे मला वाटते.

घोडा मेला म्हणजे मात्र हा धनी एका रात्रीत कफल्लक होई. त्यावर तोड म्हणून शिलेदारी रिसाल्यांनी ‘चंदा’ काढला: प्रत्येक स्वाराने महिन्याच्या पगारातून काही रक्कम सामाईक निधीत टाकावयाची, आणि ज्याचे जनावर दगावले त्याला त्यातून नवे घ्यावयास साह्य व्हावयाचे. दोन स्वारांमागे मिळून एक गवत कापणारा आणि एक तट्टू असे. रिसाल्याची छावणी हलली की या तट्टांची धूळ स्वारांच्या मागे लांबवर दिसत असली पाहिजे. सरकारी गाड्यांची वाट न पाहता ही फौज हुकूम मिळताच कूच करू शके, याचे श्रेय त्या अनाम गवत कापणाऱ्यांना आहे. त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावरून इतिहासात उतरली नाहीत.

पोशाखाचे म्हणाल तर रिसाल्याचा रंग गर्द हिरवा, आणि पलटणींचा लाल, त्यावर हिरव्या रंगाच्या गळपट्ट्या व मनगटपट्ट्या. शिपायाला गणवेश म्हणजे नुसते कापड नव्हे, हे मात्र सरदारांना एकदा फार महागात पडून समजले. १८२७ साली मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, रिसाल्याचा प्रमुख एव्हन डेव्हिस याने शिपायांच्या दाढ्यांवर हुकूम चालवू पाहिला. ज्याने घोडा, तलवार आणि अंगावरचा कपडा स्वतःच्या पैशाने आणला होता, त्याला चेहराही सरकारचा आहे हे मान्य होईना. बंड झाले आणि त्यात डेव्हिस मारला गेला. त्या माणसाचा अंत शोचनीय आहे. तथापि शिलेदार म्हणजे कोण, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने हा प्रसंग विसरू नये.

हिंगोलीच्या छावणीची एक हकीकत अंगावर काटा आणणारी आहे. ठगांवर इंग्रजीत कादंबरी लिहून १८३९ साली कीर्ती मिळवलेला मेडोज टेलर हा याच फौजेतला सरदार. तो हिंगोलीस असताना तेथील बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि टेलरसुद्धा त्याच्याकडून माल घेत असे. या व्यापाऱ्याने एकदा मुंबईहून कापड आणण्याचा परवाना काढला, वाटेत दुसऱ्याच एका व्यापाऱ्याला माणसांसकट ठार केले, आणि त्याचे कापड त्याच परवान्यावर आणून छावणीत राजरोस विकले. तो ठगांचा म्होरक्या होता, हे पुढे उघडकीस आले. दिवसरात्र पहारा असलेल्या छावणीच्या उंबरठ्यावर, ज्यांच्या अंगावर लाल डगले होते त्यांनीच ते कापड विकत घेतले. पहारा कशासाठी असतो, हा प्रश्न त्या दिवशी हिंगोलीत कोणी विचारला असेल काय?

लढायांचा भाग मी थोडक्यात सांगतो. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ मध्ये, महिदपूरला होळकरांविरुद्ध ही फौज लढली. जानेवारी १८१९ मध्ये हिने हदगावकडील नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. गढी हटकर नाईक नौसाजी याची होती, आतल्या लोकांनी विलक्षण झुंज दिली आणि त्यांतील बहुतेक कापले गेले. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या सैन्याबरोबर कंटिंजंटच्या तुकड्या झाशीपुढे उभ्या होत्या, हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु आदल्याच वर्षी औरंगाबादेस याच फौजेच्या पहिल्या रिसाल्याने बंड केले होते, हेही त्याच शाईने लिहिले पाहिजे. आणि आपल्या वाशिम जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १८५९ साली रोहिल्यांच्या एका टोळीचा पाठलाग करीत कंटिंजंटचे सैन्य रिसोडनजीक चिचांब्यास आले, आणि तेथे चकमक झाली. वाशिम तालुक्याने या फौजेचा दारूगोळा प्रत्यक्ष ऐकला तो बहुधा एवढाच. तिचा भार मात्र त्याने पन्नास वर्षे वाहिला.

तो भार कसा आला, ते पाहू. निजामाच्या खजिन्याला ही फौज पहिल्यापासून झेपत नव्हती. दिवाण चंदुलालच्या काळात तनख्यासाठी सावकारांकडे हात पसरावा लागे. वऱ्हाडचा महसूल पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीकडे तारण पडला होता. मक्तेदार रयतेकडून वसूल करी आणि रयत गाव सोडून परागंदा होई. फौजेचा पगार थकला की कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून तो भागवी आणि निजामाच्या नावे लिहून ठेवी. ज्या फौजेवर निजामाचा हुकूम चालत नव्हता तिच्यासाठीच तो असा ऋणको झाला. शेवटी गव्हर्नर जनरल डलहौसीने निकड लावली, आणि २१ मे १८५३ रोजी नासिरउद्दौला निजामाने तहावर शिक्का केला: वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली द्यावयाचे, त्यांच्या महसुलातून पाच हजारांहून कमी नाही असे पायदळ, दोन हजारांहून कमी नाहीत असे स्वार आणि चार तोफखाने ठेवावयाचे, आणि शिल्लक उरेल ती हिशेबासह निजामाला परत करावयाची. ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नावसुद्धा याच तहाने दिले.

अशा रीतीने वाशिम, मंगरूळ, पुसद हे परगणे एका फौजेची खर्चाची बाब बनले. पुढे याच तीन तालुक्यांचा बाशीम जिल्हा झाला. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, पन्नास लक्षांचे कर्ज माफ झाले, आणि त्या बदल्यात निजामाने वऱ्हाडच्या हिशेबाची मागणी सोडून दिली. ही गोष्ट एखाद्या गहाणखताप्रमाणे वाचावी: जमीन सावकाराकडे, पीक सावकाराकडे, आणि आता वहीसुद्धा पाहावयाची नाही. लगोलग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाचे भाव आभाळाला भिडले, वऱ्हाडची काळी जमीन सोन्याच्या मोलाची झाली, आणि फौजेचा खर्च भागून उरणारी रक्कम वाढत गेली. निजामाचा दिवाण सालारजंग याने वऱ्हाड परत मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली, पण १८८३ मध्ये तो वारला तेव्हा वऱ्हाड होते तेथेच होते.

रयतेचे यात काय झाले, याविषयी एकांगी बोलणे बरे नव्हे. मक्तेदारी गेली, मोजणी झाली, प्रत्येक शेताचा सारा ठरला. मोगलाईतल्या शेतकऱ्यापेक्षा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कायद्याचा अधिक आधार मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु रिसोडच्या कुणब्याने हप्ता भरून पाटलाकडून पावती घेतली, तेव्हा आपल्या कापसाचा पैसा पैनगंगेपलीकडे एखाद्या रिसालदाराच्या तनख्यात जात आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि तसे करण्यास त्याची संमतीही कोणी विचारली नव्हती. ते ठाणे परमुलखात आणि खर्च आमच्या मुलखात, ही विषम वाटणी मला आजही खटकते.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहावयाचे, आणि निजामाला सालिना पंचवीस लक्ष रुपये मिळावयाचे. पगारासाठी मुलूख ठेवला होता, तो मुलूख असा राहिला. फौजेचे प्रयोजन मात्र संपले. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात विलीन झाल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, बाशीम जिल्हाही मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. तो जिल्हा परत जन्मास आला १ जुलै १९९८ रोजी.

त्या पलटणी मात्र नावे बदलीत चालत राहिल्या. विसावा रिसाला ‘डेक्कन हॉर्स’ म्हणून फ्रान्सात गेला, आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर, यंत्रतोफांच्या युगात, त्याने हाय वूड नावाच्या रानाशेजारी भाले खाली करून घोडी सोडली; शिलेदारी पद्धत त्या महायुद्धानंतर बंद झाली. १९६५ च्या भारत-पाक युद्धात तोच रिसाला असल उत्तरला रणगाड्यांवर होता. पायदळापैकी ‘वऱ्हाड इन्फंट्री’ असे नावच एका पलटणीला, शहाण्णवाव्या क्रमांकाच्या, मिळाले होते. १९२२ च्या सुमारास या पलटणी एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये बांधल्या गेल्या, आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. एलिचपूरशी नाते सांगणारी अठ्ठ्याण्णवावी पलटण तिची चौथी बटालियन झाली. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाकडे येणाऱ्या टोळीवाल्यांना बडगामला थोपवीत या चौथ्या कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा हात प्लास्टरमध्ये असताना धारातीर्थी पडले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर लाभले. त्यांच्या कंपनीत तेव्हा कुमाऊँच्या डोंगरातले जवान होते. वऱ्हाडशी त्यांचा संबंध उरला होता तो केवळ पलटणीच्या जुन्या वंशावळीपुरता.