घाटात गाडीचा पिकअप अचानक गेला? 'थ्रॉटल बॉडी बदला' म्हणण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. गाडी भरलेली, चढ सुरू, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. एक्सलेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन वर उचलत नाही. कशीबशी रांगत गाडी कडेला येते. चावी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू केली की सगळे ठीक! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान ठरलेले असते: 'थ्रॉटल बॉडी गेली, बदलावी लागेल.' कधी ते खरेही असते. पण अनेकदा हजारो रुपयांचा नवा भाग बसवूनही आठ दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो, कारण दोष भलतीकडेच असतो.

केबल गेली, वायर आली

जुन्या गाड्यांत एक्सलेटरच्या पायंड्यापासून इंजिनपर्यंत लोखंडी केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि हवेची झडप उघडायची. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत ही केबलच नाही. पायंड्याजवळचा सेन्सर पाय किती दाबला हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, व्होल्टेजमधून सांगतो. ईसीयू हिशेब करून थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम देतो आणि मोटर झडप फिरवते. १९८० च्या दशकाच्या शेवटी महागड्या जर्मन गाड्यांत आलेली ही व्यवस्था आता साध्या हॅचबॅकमध्येही असते.

केबल तुटली तर गाडी फक्त थांबायची. सेन्सरने मात्र खोटे सांगितले तर गाडी आपणहून धावू शकते. म्हणून इथे प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार ठेवलेले असतात. पायंड्यात दोन सेन्सर, झडपेवरही दोन. बऱ्याच गाड्यांत पायंड्याचा दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मे व्होल्टेज देतो: पाय सोडलेला असताना पहिला ०.८ तर दुसरा ०.४ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ३.८ आणि १.९ च्या आसपास. झडपेच्या सेन्सरमध्ये अनेकदा एक वर चढतो तसा दुसरा खाली उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या जवळ राहते. आकडे कंपनीगणिक बदलतात, तत्त्व तेच.

दोघांच्या साक्षीत फरक पडला, अगदी क्षणभर जरी, तरी ईसीयू कुणावरच विश्वास ठेवत नाही. तो झडपेच्या मोटरचा वीजपुरवठा तोडतो. मग आतल्या स्प्रिंग झडपेला थोड्याशा उघड्या स्थितीत धरून ठेवतात, गाडी कडेला घेण्यापुरती. यालाच 'लिम्प मोड' म्हणतात. घाटात तो शाप वाटतो खरा, पण ते गाडीचे संरक्षण आहे.

अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून मोठे वादळ उठले होते. तेव्हा नासाच्या अभियंत्यांनीही ही यंत्रणा तपासली. २०११ च्या अहवालात अशा धोकादायक वेगामागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र पिकअपची तक्रार असलेल्या एका गाडीच्या पायंड्याच्या सेन्सरमध्ये कथलाचा केसापेक्षा बारीक तंतू वाढून दोन्ही सिग्नल एकमेकांना जोडले गेल्याचे आढळले होते. दोष असा डोळ्यांना न दिसणाराही असू शकतो.

कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही

स्कॅनर लावल्यावर येणारा नंबर इथे महत्त्वाचा. पी २१३५ आला तर सहसा झडपेच्या दोन सेन्सरचे जुळत नाही. पी २१३८ म्हणजे पायंड्याच्या दोन सेन्सरचे जुळत नाही. दिसायला नंबर जवळजवळ सारखे, पण एक बॉनेटखाली नेतो आणि दुसरा ड्रायव्हरच्या पायाशी. पी २१३८ असताना थ्रॉटल बॉडी बदलणे म्हणजे दुखणे दाताचे आणि ऑपरेशन गुडघ्याचे. पी २१०१ सांगतो की मोटरला दिलेला हुकूम आणि झडपेची हालचाल यांचा मेळ नाही. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, पी २११२ म्हणजे बंद अडकली.

पण यातला कुठलाही कोड 'भाग खराब आहे' असे म्हणत नाही. तो फक्त सिग्नल चुकल्याचे सांगतो. तो वायरमुळे चुकला, सॉकेटमुळे, अर्थिंगमुळे की सेन्सरमुळे, हे माणसानेच शोधायचे. म्हणून आल्या आल्या कोड पुसून टाकण्याची काही गॅरेजची सवय वाईट. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: इंजिन किती गरम होते, वेग किती, व्होल्टेज किती. कोड पुसला की तीही जाते.

तपासाचा क्रम

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. बॅटरी कमजोर असेल तर हे कोड उगाचच येऊ शकतात.

मग डोळे. आपल्या भागातल्या पावसात सॉकेटमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढतो. बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर वायर कुरतडतात. पायंड्याजवळ रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकलेली असते, ती पायंडा अडवते. पिकअप वाढवतो म्हणून बाजारातून आणलेला 'बूस्टर' पायंडा आणि ईसीयूच्या मधे लावलेला असेल, तर तो आधी काढून गाडी चालवून पाहावी.

यानंतर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर आकडे बघत पायंडा अगदी सावकाश, दहा सेकंद घेऊन दाबायचा. दोन्ही आकडे न अडखळता चढले पाहिजेत. मधेच एखादा उडी मारत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. स्कॅनर संथ असतो, क्षणभराचा झटका त्यावर दिसेलच असे नाही. तिथे ऑसिलोस्कोप कामी येतो. आकडे बघता बघता दुसऱ्याने वायरिंग हलवून पाहावे. हलवल्यावर आकडा नाचला तर निम्मे काम झाले.

सॉकेट काढून मल्टिमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा येतो का ते पाहायचे. येत नसेल तर लगेच ईसीयूला दोष देऊ नये. काही गाड्यांत हाच पुरवठा एसीच्या प्रेशर सेन्सरसारख्या इतर सेन्सरलाही जातो आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच आंधळे होतात. एकेक सॉकेट काढत गेले की पुरवठा कुठे परत येतो ते कळते. अर्थिंग वायर सर्किट चालू असताना मोजावी. तिच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडू नये.

काजळी ही वेगळी गोष्ट

सिग्नलला थांबल्यावर गाडी थरथरते, एसी लावला की बंद पडते, पण चढाला पिकअप ठीक असतो. अशी लक्षणे असतील तर झडपेच्या कडेला साचलेल्या काजळीचा संशय घ्यावा. इथे बऱ्याचदा साफसफाई पुरते. चावी बंद, हवेचा पाइप काढून, थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर फडक्यावर घेऊन हलके पुसायचे. चावी ऑन असताना झडपेला बोट लावायचे नाही. मोटर फिरली तर बोट सापडते आणि जोर लावला तर आतले प्लास्टिकचे दाते मोडतात.

साफ केल्यावर आरपीएम उलट वाढलेला दिसतो. घाबरू नये. काजळी धरून ईसीयूने झडपेचा जो अंदाज बांधलेला असतो, तो आता चुकतो. काही गाड्या थोड्या चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनरने 'आयडल लर्निंग' द्यावे लागते. थ्रॉटल बॉडी खरोखरच बदलावी लागली तरी हे काम चुकत नाही. भंगारातून आणलेली जुनी बसवायची असेल, तर मॉडेलचे नाव नव्हे, पार्ट नंबर जुळवून घ्यावा. आणि गॅरेजवाल्याकडून कोडचा नंबर, काय मोजले ते आणि काढलेला जुना भाग, तिन्ही मागून घ्यावे.