उपवासाच्या दिवशीची गोळी

रत्नागिरीहून आरे-वारेच्या वाटेने, समुद्र डाव्या हाताला ठेवीत उत्तरेकडे गेले म्हणजे गणपतीपुळे लागते. येथले देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि डोंगरच गणपतीस्वरूप मानलेला असल्यामुळे प्रदक्षिणा गाभाऱ्याला न घालता सबंध डोंगराला घालतात. अंतर सुमारे एक किलोमीटर. संकष्टीला, आणि ती मंगळवारी येऊन अंगारकी झाली म्हणजे विशेषच, माणसे पहाटे घर सोडून येतात, रांगेत उभी राहतात, उन्हात प्रदक्षिणा करतात आणि रात्री नऊच्या सुमारास चंद्रोदय झाला की मगच पानावर बसतात. या मंडळींत मधुमेहीही असतात. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतलेली असते, कारण औषध चुकवू नये असे डॉक्टरांनी बजावलेले असते. जेवण मात्र त्या दिवशी चुकवलेले असते. आम्हांला बोलावयाचे आहे ते एवढ्याचविषयी. उपवास करावा की न करावा हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण पोटात अन्न नसताना गोळी काय करते, हा वैद्यकाचा प्रश्न आहे.

सगळ्या गोळ्या एकजात नसतात, हे पहिल्याने ध्यानात घेतले पाहिजे. १९४२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए येथे झांबाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना सल्फा जातीचे एक नवे औषध देऊन पाहत होते. काही रोग्यांना आकडी येऊ लागली, काही बेशुद्ध पडले. रक्त तपासले तेव्हा साखर फार खाली गेलेली आढळली. त्यांचे सहकारी लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून कारण शोधले: हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास भाग पाडते. मधुमेहावरच्या एका मोठ्या औषधकुळाचा उगम हा असा एका अपघातात आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड ही त्याच कुळातली. रोग्याने जेवण केले आहे की नाही, याची चौकशी ही गोळी करीत नाही. ती इन्सुलिन सोडवीतच राहते, आणि तिचा अंमल कित्येक तास, काहींचा तर दिवसभर टिकतो. म्हातारपणी किंवा मूत्रपिंडे थकलेली असली म्हणजे तो आणखी लांबतो.

मेटफॉर्मिनचा स्वभाव निराळा. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यांवरून या औषधाची वाट सापडली, आणि १९५७ साली पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरून अनुभव प्रसिद्ध केला. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर आवरते. एकटे घेतले तर साखर धोकादायक इतकी खाली जाणे विरळा. अन्नाबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. मात्र जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल तर ते तात्पुरते थांबवून डॉक्टरांना विचारावे, आणि मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

आता अडचण अशी की आपल्याकडे या दोन कुळांची औषधे एकाच गोळीत घालून फार विकली जातात. रोगी सांगतो, "आमची साधी साखरेची गोळी आहे." पट्टी उलटून बारीक अक्षरे वाचली तर मेटफॉर्मिनच्या शेजारी ग्लिमेपिराइड निघते. चष्मा लावून, नाहीतर नातवाकडून का होईना, ही मागची बाजू एकदा वाचून घ्यावी. तेथे डापाग्लिफ्लोझिनसारखे लघवीवाटे साखर घालविणारे औषध निघाले तर दुसरीच सावधगिरी हवी: उपवासात आणि उन्हात ते शरीरातले पाणी कमी करते, आणि क्वचित रक्तात आम्ल साचते, तेही साखर फारशी चढलेली नसताना.

उपवास म्हणजे पोट रिकामे, असेही नेहमी नसते म्हणा! साबुदाण्याची खिचडी, रताळी, केळी यांनी साखर भराभर चढते. म्हणजे दुपारी फराळाने वर आणि संध्याकाळी गोळीने खाली, असा झोका एकाच दिवशी बसू शकतो. वरीचे तांदूळ आणि ताक थोडे थोडे घेणे त्यातल्या त्यात बरे, पण प्रमाण तेथेही आहेच.

साखर उतरू लागली की दरदरून घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक आवरत नाही. पुढे बोलणे असंबद्ध होते. यात्रेत हे ओळखणे कठीण, कारण घाम सर्वांनाच आलेला असतो आणि थकवा उन्हाचा समजला जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर कापरे आणि धडधड लपून जाते. शंका आली की बोटाचा थेंब काढून यंत्रावर पाहावे. सुई टोचल्याने उपवास मोडत नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा यंत्रच जवळ नसेल, तर उपवास तेथेच सोडावा: तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, उतार नसल्यास पुन्हा द्यावी. प्रसादाचा मोदक किंवा पेढा या वेळी कामाचा नाही. नारळातला आणि खव्यातला स्निग्धांश साखर रक्तात पोचण्यास उशीर लावतो. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना साधी साखरही सावकाश लागू पडते. त्यांनी ग्लुकोजची पूडच बाळगावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवून १०८ क्रमांकाला कळवावे. शुद्धीवर आल्यावरही एकटे सोडू नये, पोटभर जेवावयास घालावे आणि डॉक्टरांना दाखवावे, कारण गोळीचा अंमल संपलेला नसतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

हे सारे टाळता येते. कोकणात ज्या गावी संकष्टी पाळतात त्याच गावी शेजारी रोजेही पाळतात, आणि रोज्यांपुरता हा विचार व्यवस्थित झालेला आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ साली रमजानसाठी मार्गदर्शिका काढली व २०२१ साली ती सुधारली. दिवसातून एकदा घ्यावयाची सल्फा कुळातली गोळी सकाळऐवजी रोजा सोडतानाच्या जेवणाबरोबर घ्यावी, आणि साखर आटोक्यात असलेल्यांचा डोस कमी करावा, असे तिचे सांगणे आहे. चतुर्थीला चंद्रोदयाच्या जेवणाशी हाच विचार जोडता येतो. मात्र किती कमी आणि केव्हा, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे. त्यासाठी आठ-पंधरा दिवस आधी जाऊन, "मी चतुर्थी करतो" किंवा "करते" असे स्वच्छ सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून उपवास लपविणारे रोगी पुष्कळ, आणि न विचारणारे डॉक्टरही काही कमी नाहीत. इन्सुलिन घेणारे, गरोदर बाया, मूत्रपिंडाचे रोगी, नुकतीच एकदा साखर उतरून बेशुद्ध झालेले यांना बहुधा उपवास करू नका असेच सांगितले जाईल.

चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत. शेजारणीला मानवली म्हणून तिची गोळी तर मुळीच नको. पुळ्याला निघताना पट्टी, ग्लुकोजची पुडी आणि पाणी एका पिशवीत ठेवावे, आणि ती पिशवी गाडीत न ठेवता प्रदक्षिणेला खांद्यावर घ्यावी. बरोबर चालणाऱ्याला पुडी कोठे आहे ते आधीच सांगून ठेवावे.