सावो बेटाची रात्र आणि चिमूरची नागपंचमी : एक कालनिर्णय

चिमूरचा उठाव श्रावण शुद्ध ५ शके १८६४, रविवार, ता. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं झाला. चिमूर त्या वेळीं चांदा जिल्ह्यांत होतें. त्याच जिल्ह्याचे १९८२ सालीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन भाग झाले. गोळीबारांत बालाजी रायपूरकर हा मुलगा पडला व क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. या उठावाच्या कागदांशेजारीं पॅसिफिक महासागरांतील युद्धाची रोजची हकीकत मांडून कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह संग्राहकांस होतो. तो अयोग्य नाहीं. मात्र तारखा आधीं शोधून घेतल्या पाहिजेत.

पर्ल हार्बरचा हल्ला अमेरिकन कागदांत ता. ७ डिसेंबर १९४१ चा, तर मलायांतील कोटा भारूचा ता. ८ चा. वस्तुतः कोटा भारूचा हल्ला तासाभराहून अधिक आधींचा. आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळें क्रम उलटा दिसतो.

याहून बारीक उदाहरण सावो बेटाचें. ता. ७ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकन फौज ग्वाडलकनाल बेटावर उतरली. पुढें जपानी आरमारानें रात्रीं छापा घातला, त्यांत दोस्तांनीं कॅनबेरा, अ‍ॅस्टोरिया, क्विन्सी व व्हिन्सेन्स या चार मोठ्या क्रूझर गमावल्या. दोस्तांचीं घड्याळें ग्रीनिचच्या ११ तास पुढें. जपानी आरमार कोठेंहि असलें तरी टोकियोची, म्हणजे ९ तास पुढची, वेळ पाळी. त्यामुळें एकच छापा एका रोजनाम्यांत ता. ९ च्या उत्तररात्रीं पावणेदोनचा, तर दुसऱ्यांत ता. ८ च्या रात्रीं पावणेबाराचा. आमच्या साडेपांच तासांच्या हिशेबानें ता. ८ च्या रात्रींचे सव्वाआठ होतात. मुंबईस गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला तीच ही तारीख! ता. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपलीं घड्याळें तासभर पुढें होतीं, हेंहि विसरूं नये.

ता. २० ऑगस्टला ग्वाडलकनालच्या हेंडरसन विमानतळावर ३१ विमानें उतरल्यावर दिवसाचें पाणी अमेरिकनांचें झालें. राबौलहून सुमारें हजार किलोमीटर उडून जपानी विमानें बहुधा मध्यान्हीं येत. त्यांच्या विनाशिका मात्र रात्रीं सैन्य उतरवून पहाटेपूर्वीं दूर निघून जात. तारखेचा घोटाळा या रात्रींच्या नोंदींतच अधिक.

घटनेचा दिवस ठरला तरी वार्तेचा दिवस निराळा. पानिपतची बातमी पेशव्यांस दहा दिवसांनीं भेलशास मिळाली. सावो येथील आपल्या तीन क्रूझरांचा नाश अमेरिकेनें १२ ऑक्टोबरपर्यंत गुप्त ठेवला. तेव्हां नागपंचमीच्या दिवशीं चिमूरकरांस तो ठाऊक होता असें कोणी लिहिल्यास तें लिखाण मागाहूनचें समजावें. सिंगापूर (१५ फेब्रुवारी) व रंगून (८ मार्च) पडल्याचें, ६ एप्रिलला विशाखापट्टणावर बाँब पडल्याचें मात्र सर्वश्रुत होतें. आमच्या मतें संबंध जोडावयाचा तर याच घटनांशीं, आणि त्याहूनहि ९ ऑगस्टच्या धरपकडीशीं.

चिमूरची वार्ताहि अशीच दडपली गेली. तेथील स्त्रियांवरील अत्याचारांच्या चौकशीसाठीं प्रा. भन्साळींनीं ११ नोव्हेंबर १९४२ पासून ६३ दिवस उपोषण केलें, त्याची बातमी छापण्यासहि सरकारनें बंदी घातली होती. म्हणून कात्रणांची तारीख टिपतांना खाजगी पत्रांवरील पोस्टाचे शिक्केहि संग्राहकांनीं अवश्य उतरून घ्यावे.