बेवारस तरुण आणि मोटरचा परवाना

अमरावती आणि अकोला यांना जोडणाऱ्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला व त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच रस्त्यावर मोटर हाकण्याचा अधिकार मिळविण्यास बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणास मात्र महिनेच्या महिने खेटे घालावे लागतात, हे चमत्कारिक खरे. वरूड-मोर्शीची संत्री आणि अकोल्याचा कापूस वाहणाऱ्या या मुलखात चालकाचा धंदा म्हणजे हमखास भाकरी. परंतु अडचण हाताची नसून कागदाची असते.

परवान्याच्या अर्जात आरंभीच पित्याचे नाव विचारलेले असते. पाठोपाठ जन्मतारीख व पत्ता. ज्यास हे तिन्ही ठाऊक नाही, त्याने लिहावे काय? अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस मुलांस स्वतःचे नाव देऊन पहिला रकाना भरला. त्यांस २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. जन्मतारखेचा प्रश्न २०१५ चा बालन्याय कायदा सोडवितो. दाखला नसेल तर वैद्यकीय तपासणी करून बालकल्याण समिती वय नोंदविते. तेच वय शाळेच्या दप्तरात गेले म्हणजे पुढे शाळेचा दाखला परिवहन कार्यालयात चालतो. शाळाही न पाहिलेल्यास जिल्हा शल्यचिकित्सकाचा वयाचा दाखला उपयोगी पडतो. आणि सबळ कारणाने काहीच सादर करता येत नसेल, तर नोटरीपुढील प्रतिज्ञापत्र स्वीकारण्याची मुभा १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत परवाना अधिकाऱ्यास आहे. ही मुभा फारच थोड्यांस माहीत असते.

पत्त्याची गोष्ट अधिक नाजूक. मान्यताप्राप्त बालगृहाच्या अधीक्षकाच्या दाखल्यावर आधार कार्ड निघते. पण अठरावे वर्ष उलटले की मुलगा संस्थेबाहेर पडतो आणि पत्ताही मागे राहतो. अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत कायद्यात असली, तरी ती प्रत्येकाच्या वाट्यास येतेच असे नाही. म्हणून कागद जमविण्याचा काळ सतरावे वर्ष हाच होय. बाहेर पडल्यावर हा शोध आरंभणे म्हणजे पाणी वाहून गेल्यावर बांध घालणे.

पुढील वाट त्या मानाने सरळ. अठरा वर्षे पूर्ण होताच शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने. तो हाती आल्यावर किमान ३० दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. मात्र परीक्षेस गाडी लागते, सरावास शेजारी परवानाधारक माणूस लागतो, आणि मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जावयाचे तर फी लागते. घरच्या मुलास हे सारे काका किंवा मामा पुरवितो. शहरातील सुखवस्तू कुटुंबाने रविवारी दोन तास आपली गाडी व आपला वेळ दिला, तर तेवढ्यापुरते मामाचे काम होते.

प्रवासी किंवा मालवाहू गाडी हाकण्यास वीस वर्षांची अट आहे. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ साली रद्द झाली. अर्धवट शिकलेल्या मुलांस तिचाच मोठा अडसर होता. तोवरची दोन वर्षे गॅरेजात हाताखाली किंवा एखाद्या घरची खासगी मोटर हाकून काढावी लागतात. परवान्यावर मात्र त्याचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता छापून आलेला असतो, आणि भाड्याची खोली मागताना तो तेच कार्ड पुढे करतो.