५४ नक्की कुठून कुठपर्यंत?

यूएई संघाचा सायकलपटू पोगाचार कोल्नागो चालवतो आणि २०२० साली त्या इटालियन कंपनीचा मोठा हिस्सा अबुधाबीतल्या गुंतवणूकदारांनी घेतला. त्यामुळे दुबईत कुणी स्टीलची जुनी कोल्नागो विकायला काढली, की पहाटे अल कुद्राच्या सायकल ट्रॅकवर जाणारी आपली मंडळी लगेच फोन लावतात. "साइज काय?" "५४." एवढ्यावर पैसे देऊ नका.

गावाकडे बावीसची सायकल, चोवीसची सायकल म्हणायचे, तेही फ्रेमचंच माप, इंचात. चोवीसची मोठी पडली तर पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत. रोड सायकलवर तसलं काही जमत नाही.

सीटखालची उभी नळी मोजायला सुरुवात होते बीबीच्या, म्हणजे पॅडल जिथे फिरतात त्या आसाच्या मध्यापासून. घोळ वरच्या टोकाला आहे. जुन्या कोल्नागोंचं माप नळीच्या वरच्या कडेपर्यंतचं; इतर बरेच कारागीर दांडीच्या मध्यापर्यंत मोजत. फरक दीडेक सेंटिमीटरचा. म्हणून टेप लावलेला फोटो मागवा.

आता स्वतःचं माप. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. आलेल्या आकड्याला ०.६५ ने गुणा. ८० सेंमी असेल तर ५२, म्हणजे दांडीच्या मध्यापर्यंतचं माप. कोल्नागोच्या हिशेबात साधारण ५३.५. फ्रेंच प्रशिक्षक गिमार यांची ही पद्धत सायकलपटू ग्रेग लेमाँडने लोकप्रिय केली.

माझ्या मते मात्र उंचीपेक्षा दांडीची लांबी महत्त्वाची. सीट वरखाली करता येते, पण दांडी लांब पडली तर तासाभरात मान भरून येते. जुन्या फ्रेमची दांडी आडवी असते, त्यामुळे मोजायला सोपी: पुढच्या नळीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या मध्यापर्यंत. सध्याच्या सायकलवर नीट बसता येत असेल तर तिची सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतची लांबी टिपून न्या. एखाद्या सेंटिमीटरचा फरक हँडलचा स्टेम बदलून निभतो, तीनचा नाही. उतरत्या दांडीच्या नव्या सायकलवर छापलेला ५४ इथे धरू नका. तिची उभी नळी मुळातच आखूड असते.

बघायला जाताना ॲलन की खिशात ठेवा आणि सीटपोस्ट हलवून बघा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत धरून बसतो. हलत नसेल, तर सीटची उंची आहे तीच राहणार असं धरूनच भाव करा.