क ते क्ष : एका कवीची ज्वारी

‘ङ’ने सुरू होणारा एक शब्द सांगा. घ्या वेळ. ‘वाङ्मय’ चालणार नाही, त्यात तो मध्येच अडकलाय. नाही सापडत? बरं, ‘ञ’? मग ‘ण’? (‘णमोकार’ म्हणणाऱ्या जैन वाचकांना एक गुण.) आता शब्द सोडा, अख्खं गीत रचा. चालीत बसणारं, प्रेमाचं, आणि प्रत्येक ओळ त्याच अक्षराने सुरू होणारी.

हा उद्योग एका माणसाने करून ठेवलाय. एकदा नव्हे, ३४ वेळा. ‘क’पासून ‘क्ष’पर्यंत ओळीने सगळी व्यंजनं, एकही न गाळता.

हे ओडिया कवी बलदेव रथ, पदवी ‘कविसूर्य’. जन्म १७८९, मृत्यू १८४५. ‘अटक ते कटक’ म्हणताना आपण कटकेला थांबतो. नागपूरकर भोसल्यांचा तिथला अंमल १८०३ मध्ये संपला, तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याचा मुलूख मात्र कटकेच्याही दक्षिणेला, मद्रास इलाख्यातल्या गंजामचा. तिथे त्याने ‘किशोरचंद्रानन चंपू’ लिहिला. राधा, कृष्ण आणि दोघांमध्ये निरोप्याचं काम करणारी ललिता, एवढीच तीन पात्रं. मध्ये मध्ये संस्कृत गद्य, बाकी ओडिया गाणी. वाचायला काव्य, उभं केलं की संगीत नाटक.

ओडिया कवींना अक्षरांचं हे वेड जुनंच. चौतीस व्यंजनांच्या क्रमाने चालणाऱ्या कवितेला तिकडे ‘चउतिशा’ म्हणतात. बलदेवांच्या आधी उपेंद्र भंजांनी ‘बैदेहीश बिळास’ या रामकथेच्या बावन्न छांदांत, म्हणजे सर्गांत, प्रत्येक ओळ ‘ब’ने सुरू केली होती. ओडियात आपल्या ‘व’चाही ‘ब’ होतो, म्हणून वैदेही तिथे बैदेही. तेवढी सवलत त्यांना मिळाली असं म्हणू, पण बावन्न छांद म्हणजे बावन्न छांद! बलदेवांपुढचा पेच वेगळा होता. गोष्ट पुढे सरकायची ती अक्षरांच्याच रांगेतून. राधेचा जीव कासावीस होवो नाहीतर ललिता समजूत घालायला येवो, पाळी ‘ठ’ची असेल तर गाणं ‘ठ’नेच.

हे किती अवघड? चला, ज्वारीने मोजू.

चौतीस अक्षरांच्या चिठ्ठ्या टोपलीत टाका. डोळे मिटून एक काढा, ती परत टाका, दुसरी काढा. पहिल्या गीताचं पहिलं अक्षर चौतीस तऱ्हांनी येऊ शकतं. प्रत्येक तऱ्हेला ज्वारीचा एक दाणा ठेवू. दोन गीतांना ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६ दाणे. या सगळ्यांत बरोबर क्रमाचा दाणा एकच. हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम, तेव्हा ‘ख’पाशी आपल्या हातात मूठभर ज्वारी आहे. हसू नका.

‘ग’ला सव्वा किलो, डझनभर भाकरी. ‘घ’ला चाळीस किलो, म्हणजे पोतं. ‘ङ’ला साडेतेरा क्विंटल, पिकअप बोलवा. ‘च’ला ४६ टन, मालगाडीचा एक डबा भरत आला. ‘छ’ला दीड हजार टनांच्या वर. सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल विहिरीत ही ज्वारी ओतायची, तर एक विहीर पुरत नाही, साडेसहा लागतात. ‘ज’ला एकवीस मालगाड्या, प्रत्येकीत अडीच हजार टन. ‘झ’ला सातशेवर मालगाड्या!

आता ‘ञ’. दहावं गीत. सहा कोटी टन. अख्खं जग वर्षभरात जेवढी ज्वारी पिकवतं, साधारण तेवढी. मालगाड्या पाव लाखाच्या आसपास. एकीला एक जोडल्या तर रांग सोळा हजार किलोमीटर, मुंबई-पुणे लोहमार्गाच्या ऐंशी पट. किलोला तीस रुपये धरले तर किंमत सुमारे १ लाख ८५ हजार कोटी रुपये. आपलं मंगळयान साडेचारशे कोटींत झालं होतं, अशी चार हजार मंगळयानं. आणि राधाकृष्णाची अजून चोवीस गाणी बाकी आहेत.

संख्याशास्त्राचे प्राध्यापक इथे भुवया उंचावतील. भाषेत सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात येत नाहीत, आणि कोणताही कवी चिठ्ठ्या काढून लिहीत नाही, असं ते म्हणतील. कबूल. पण ‘ङ’ला मी चौतिसात एक संधी दिलीय, हे औदार्य त्यांनी लक्षात घ्यावं.

पुढे पृथ्वीवर जागा नाही. ‘न’ हे विसावं अक्षर. तिथे ज्वारीचं वजन एकवीस पृथ्व्यांइतकं होतं. आणखी तीन गाणी म्हणा, ‘ब’ येतो, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात अडीच सूर्य ठेवावे लागतात. ‘भ’ला पंचाऐंशी सूर्य. ‘म’ला जवळजवळ तीन हजार. मग य, र, ल, व, श, ष, स, ह, दर अक्षराला चौतीस पट, चौतीस पट, चौतीस पट… आणि ‘क्ष’!

दाणे किती? १ वर ५२ शून्यं. (भंजांचे छांदही बावन्नच, निव्वळ योगायोग, पण मला भारी आवडला.) आपल्या आकाशगंगेचं वजन दीड लाख कोटी सूर्यांइतकं धरलं, तर या ज्वारीच्या ढिगासमोर अशा लाखाहून अधिक आकाशगंगा ठेवाव्या लागतील. त्या ढिगातला एक दाणा बलदेव रथांचा.

तो दाणा त्यांनी ताडपत्र आणि लोखंडी लेखणीच्या काळात वेचला. त्याची गाणी झाली, ओडिसी गायक ती आजही रागांत गातात, नर्तक त्यांवर अभिनय करतात. ऐकणाऱ्याला राधा दिसते, अक्षरांची रांग दिसतही नाही.

आणि हिशेबात एक चूक राहिलीय. आपण प्रत्येक गाण्याचं फक्त पहिलं अक्षर मोजलं. चंपूत गाण्याची प्रत्येक ओळ त्याच अक्षराने सुरू होते.