शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?

घाटंजीत हा प्रश्न हमखास कानावर येतो. जो माणूस फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन दिवसभर पराटीतून फिरतो, किंवा ज्या बाया दिवाळीच्या आगेमागे कमरेला ओटी बांधून कापूस वेचणीला लागतात, त्यांना व्यायाम शिकवायला जाणं आगाऊपणाचंच वाटतं. पण त्यांचं अंग दुखतं, वाकताना कंबर धरते, पन्नाशीत गुडघे बोलू लागतात. एवढं राबूनही असं का होतं, याचं उत्तर त्यांना मिळायला हवं.

कॅस्पर्सन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये हालचाल, व्यायाम आणि तंदुरुस्ती या तीन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या. हालचाल म्हणजे स्नायूंनी केलेलं कुठलंही काम. त्यात शेतीचं काम पूर्णपणे येतं. व्यायाम म्हणजे काहीतरी सुधारायचं ठरवून, आखून केलेली हालचाल. आणि तंदुरुस्ती म्हणजे शरीराच्या अंगी असलेल्या क्षमता. आरोग्याशी जोडलेल्या अशा क्षमता पाच: हृदय आणि फुप्फुसांचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीरातलं चरबी व स्नायूंचं प्रमाण. यातली एक वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

वेचणीचंच बघू. तासन् तास तेच काम करत राहिल्यानं हातांचा आणि पायांचा दमदारपणा भरपूर येतो. ताकद मात्र एका टप्प्यावर थांबते, कारण शरीर पेललेल्या भाराला सरावतं आणि भार वाढल्याशिवाय ताकद वाढत नाही. हृदयाला धाप लागेपर्यंत काम पडत नाही, त्यामुळे त्याचा दमदारपणाही फारसा वाढत नाही. कंबर एकाच बाजूला वाकलेली राहते. मागे झुकायची, खांदे पूर्ण उघडायची वेळ दिवसभरात येतच नाही. निंदणाचंही असंच. वर विश्रांती आपल्या हातात नसते, काम संपेल तेव्हा थांबायचं. २०१८ मध्ये जवळपास दोन लाख लोकांच्या आकडेवारीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जड अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसला. त्यात गरिबीचा आणि व्यसनांचा वाटा किती, यावर वाद आहे. पण मेहनत झाली म्हणजे तब्येतीची हमी मिळाली, असं यानंतर म्हणता येत नाही.

म्हणून वेचणीच्या दिवसांत थकलेल्या बाईनं संध्याकाळी धावायला जावं, असं मी कधीच सांगणार नाही. तिला झोप, पोटभर डाळ-उसळ आणि अधूनमधून कंबर सरळ करून मागे झुकायला दोन मिनिटं मिळायला हवीत. ताकदीचा आणि दमाचा व्यायाम हंगाम ओसरल्यावर, उन्ह चढायच्या आत करावा.

दुसरा गैरसमज बारीक माणसांबद्दलचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं. उंचीच्या मानानं वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह कसा होतो, याचा मोठा धागा इथे सापडतो. वजनकाट्यापेक्षा शिंप्याकडचा टेप जास्त खरं सांगतो: पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी उतरत नाही. ती सगळ्या अंगातून आपल्या क्रमानं जाते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं मला जास्त वाटतं, कारण त्यांची वर्षं पणाला लागलेली असतात. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून १६०० मीटर पळायचं, एवढंच अनेकांचं वेळापत्रक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी त्या धावेला २० आहेत. उरलेले ३० गुण १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांना निम्मे-निम्मे. १६०० मीटरला हृदय-फुप्फुसं लागतात. १०० मीटर स्नायूंत आधीच साठलेल्या ऊर्जेवर काही सेकंदांत संपते. गोळाफेकीला ताकद आणि वेग एका झटक्यात एकत्र यावे लागतात. लांब पळून गोळा लांब जात नाही. त्यासाठी बैठका, उड्या, वजन उचलणं हे वेगळं करावं लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा. रोज जीव तोडून पळणाऱ्यांच्या नडग्या दुखू लागतात. पळण्याचे बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीचे असावेत, कारण शरीराची बांधणी विश्रांतीतच होते.

आपल्या आखाड्यांना हे वेगळेपण ठाऊक होतं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्या परंपरेत जोर-बैठका दमदारपणा देतात, मल्लखांब पकड, लवचिकता आणि तोल.

तोलावरून आठवलं. म्हातारपणी जपून बसून राहावं, हा समज सगळ्यात महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींना काम देणारा व्यायाम हवा, पडणं टाळण्यासाठी. घरच्या आजीला ओट्यावरून हात न टेकता उठता येतं का, ते बघा. जमत नसेल तर उंच खुर्चीपासून सुरुवात करावी, शेजारी कुणीतरी उभं राहून. रोज दहा वेळा उठबस, आणि जमू लागलं की थोडी बुटकी खुर्ची.